वंशसंहाराची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या बोस्नियात प्रियेदोर नावाचं एक शहर आहे. दरवर्षी ३१ मे रोजी तिथे काही लोक दंडाला पांढरी पट्टी बांधून मुख्य रस्त्याने चालत जातात. बरोबर गुलाबाची फुलं असतात आणि प्रत्येक फुलाबरोबर एका मुलाचं नाव. अशी १०२ नावं. ही मुलं १९९२ साली याच शहरात आणि आजूबाजूच्या गावांत मारली गेली.

पांढऱ्या पट्टीचा उगम एका रेडिओवरच्या फर्मानात आहे. एप्रिल १९९२ च्या शेवटी सर्ब राष्ट्रवादी पक्षाने शहराचा ताबा घेतला. महिन्याभराने, ३१ मे रोजी, स्थानिक रेडिओने जाहीर केलं की जे सर्ब नाहीत त्यांनी घरावर पांढरी चादर लावावी आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधावी. कुठलं घर कोणाचं ते एकदा दिसू लागलं की पुढचं काम सोपं होतं. जवळच्या खाणीत, कारखान्यात आणि शाळेत छावण्या उभ्या राहिल्या होत्याच: ओमार्स्का, केरातेर्म, त्र्नोपोल्ये. प्रियेदोर परिसरात तीन हजारांहून अधिक लोक मारले गेले, बहुतेक बोस्नियाक मुस्लिम आणि काही क्रोएट. मारहाण करणारे कुठून दुरून आलेले नव्हते. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात ज्याचा खटला सर्वांत आधी चालला तो दुश्को तादिच जवळच्याच कोझारात्स गावात कॅफे चालवायचा आणि कराटे शिकवायचा. कैद्यांनी त्याला ओळखलं ते शेजारी म्हणून.

वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या स्मरणसभेला शहराच्या प्रशासनाने मनाई केली. तेव्हा एक तरुण दंडाला पांढरी पट्टी बांधून चौकात एकटाच उभा राहिला. त्याचा फोटो फिरला आणि त्यातून हा दिवस सुरू झाला. मुलांच्या आईवडिलांची मागणी एवढीच होती की शहराच्या मध्यभागी १०२ मुलांच्या नावाचं एक स्मारक असावं. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, सह्या गोळा केल्या. त्र्नोपोल्येच्या छावणीच्या जागी मात्र स्मारक आहे. ते मारल्या गेलेल्या सर्ब सैनिकांचं आहे.

वंशसंहाराचं स्मरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते मोठं स्मारक, पुष्पचक्र, दोन मिनिटांचं मौन आणि ‘पुन्हा कधीच नाही’ असं वाक्य असलेलं भाषण. यातलं काहीच वाईट नाही. पण यातून समाज काही शिकतो का, याबद्दल मला शंका आहे. वॉशिंग्टनमधलं होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, संग्रहालय एप्रिल १९९३ मध्ये उघडलं. उद्‌घाटनाच्या भाषणात त्या संहारातून वाचलेले लेखक एली विझेल यांनी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना उद्देशून बोस्नियाचा विषय काढला, कारण तिथली कत्तल त्या दिवशीही चालू होती. पुढच्याच एप्रिलमध्ये रवांडा पेटला आणि जग बघत राहिलं. म्हणजे संग्रहालय होतं, निधी होता, पाहुणे होते, शपथा होत्या. नव्हतं ते दुसरंच काहीतरी.

माझ्या मते स्मरण जितकं घराजवळ येतं तितकं ते उपयोगी पडतं, आणि नेमकं तितकंच ते लोकांना नकोसंही होतं. दूरच्या राजधानीतल्या स्मारकात मारणारा राक्षस असतो. गल्लीतल्या स्मरणात तो वर्गमित्र असतो, पोस्टमन असतो, नोंदवहीत नाव लिहिणारा कारकून असतो.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण गोंधळ इथेच होतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. त्यानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला, पूर्णपणे किंवा अंशतः, त्या गटाचा म्हणून नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्यं वंशसंहारात मोडतात: गटातल्या माणसांना ठार मारणं, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, जगणंच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, गटात मुलं जन्मू नयेत अशी व्यवस्था करणं, आणि मुलं हिसकावून दुसऱ्या गटात नेणं. या व्याख्येचा गाभा हेतू आहे. नुसतं किती माणसं मेली यावरून ते ठरत नाही, आणि हेतू सिद्ध करणं हे कोर्टातलं सर्वांत अवघड काम. म्हणूनच बोस्नियाच्या युद्धात आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी वंशसंहार मानला तो फक्त स्रेब्रेनित्साचा, जिथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. प्रियेदोरमधल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाल्या, पण ‘मानवतेविरोधी गुन्हे’ या सदराखाली.

हा फरक वकिलांसाठी महत्त्वाचा आहे. ज्या आईचा मुलगा गेला तिने आठवण काढण्यासाठी निकालाच्या शब्दाची वाट बघावी, असं मात्र कोणी म्हणू शकत नाही. आणि उलटही खरं आहे. निकाल लागला म्हणून समाज तो मान्य करतोच असं नाही. स्रेब्रेनित्साबद्दल इतके निकाल, डीएनए चाचण्या, साक्षी होऊनही तिथे वंशसंहार झालाच नाही असं म्हणणारे राजकारणी आजही निवडून येतात. मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११ जुलै हा स्रेब्रेनित्साचा स्मरणदिन ठरवण्याचा ठराव आला तेव्हा ८४ देश बाजूने होते, १९ विरोधात आणि ६८ तटस्थ.

कागदपत्रांतला शेजारी

जर्मनीच्या शहरांत फुटपाथवर, घरांच्या दारासमोर, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी चौकोन बसवलेले दिसतात, नाझींनी नेलेल्या-मारलेल्या माणसांच्या आठवणीचे. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं. प्रत्येक चौकोनावर सुरुवातीला ‘इथे राहत होते’ अशा अर्थाचे शब्द, खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. एका चौकोनावर एकच माणूस. ज्या घरात तो शेवटचा स्वतःच्या मर्जीने राहिला त्याच्याच समोर चौकोन बसतो. २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा बसला. मजकूर वाचायचा तर मान खाली घालावी लागते, कधी कमरेतून वाकावंही लागतं.

पण मला या उपक्रमात चौकोनापेक्षा त्याच्या आधीचं काम मोलाचं वाटतं. नाव कोरण्याआधी कोणीतरी ते शोधावं लागतं. बहुतेक वेळा हे काम त्या गल्लीतले रहिवासी किंवा शाळेतली मुलं करतात. ती अभिलेखागारात जातात आणि त्यांच्या हाती काय लागतं? छावणीकडे नेण्यापूर्वी ज्यू कुटुंबांकडून भरून घेतलेला १६ पानांचा मालमत्तेचा फॉर्म. खुर्च्या किती, चादरी किती, चमचे किती, हातमोजे किती, सगळे रकाने. त्याच फायलीत पुढे घरमालकाचा अर्ज सापडतो: भाडेकरू निघून गेल्याने भाडं बुडालं, तरी जप्त मालमत्तेतून भरपाई मिळावी. गॅस आणि विजेच्या थकलेल्या बिलांची मागणी सापडते. मग लिलावाच्या नोंदी. हॅम्बुर्गमध्ये अशा सामानाचे जाहीर लिलाव होत आणि शहरातली साधी माणसं कपाटं, गालिचे, भांडी घरी घेऊन जात.

हे वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारी गोष्ट कळते. माणसं मारायला बंदूकवाले थोडे पुरतात, पण त्या आधी आणि नंतर रकाने भरणारे, अर्ज लिहिणारे आणि स्वस्तात कपाट विकत घेणारे पुष्कळ लागतात. त्यातल्या कोणालाही आपण खुनात सामील आहोत असं वाटलं नसणार.

या चौकोनांना विरोधही आहे, आणि तो सगळाच वाईट हेतूने नाही. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख स्वतः त्या काळातून वाचलेल्या. मेलेल्यांच्या नावांवरून लोक चालत जातात, हा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. म्युनिक महापालिकेने सार्वजनिक जागेत हे चौकोन बसवू दिले नाहीत. तिथे भिंतींवर पाट्या आणि खांब उभे केले जातात. मला हा वाद निरोगी वाटतो. आठवण कशी ठेवायची यावर जो समाज भांडतो, तो निदान आठवण ठेवायची हे धरून चाललेला असतो.

आठवण मागाहूनच सुरू होते असंही नाही. वॉर्सा घेटोमध्ये, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणाच्या छायेत गुपचूप संग्रह जमवला. डायऱ्या आणि अहवाल तर होतेच, पण ट्रामची तिकिटं, रेशनकार्डं, गोळ्या-चॉकलेटची वेष्टनं, शाळकरी मुलांचे निबंधसुद्धा. आपण मारले जाणार हे कळल्यावर त्यांनी ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. १९४६ आणि १९५० मध्ये दोन साठे सापडले. तिसरा आजवर हाती लागलेला नाही. आपला इतिहास आपल्याला मारणाऱ्यांनी लिहू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

रवांडा: जिथे दोघंही तिथेच राहिले

जर्मनीत स्मरण करणाऱ्यांच्या शेजारी वाचलेली माणसं फारशी उरली नव्हती. रवांडात उलट झालं. मारणारे आणि वाचलेले त्याच टेकडीवर, त्याच विहिरीवर, त्याच चर्चमध्ये राहिले.

७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत अल्पसंख्य तुत्सी लोकांची आणि त्यांना मारायला विरोध करणाऱ्या, बहुसंख्य गटातल्या हुतूंची हुतू अतिरेक्यांच्या हातून कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आठ लाखांचा, रवांडा सरकारचा दहा लाखांहून अधिक. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे छापायला सुरुवात केली होती. साठ वर्षांनी रस्त्यांवरच्या नाक्यांवर हेच कार्ड बघून माणूस जगणार की मरणार ते ठरत होतं. आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळं म्हणायचं आणि मध्ये गाणी लावायचं. गाणी चांगली असायची, म्हणून तरुण पोरं ते लावून बसत.

खटले चालवायचे तर आरोपी लाखांच्या घरात आणि वकील-न्यायाधीश जवळपास शिल्लकच नाहीत. म्हणून गावातल्या मोकळ्या जागेत बसून निवाडा करण्याची जुनी पद्धत, गचाचा, नव्या रूपात आणली गेली. सुमारे १२ हजार गचाचा न्यायालयांत २०१२ पर्यंत १९ लाखांहून अधिक प्रकरणं निकाली निघाली. पंच गावानेच निवडलेले, बिनपगारी. खरं सांगितलं, माफी मागितली आणि प्रेत कुठे टाकलं ते दाखवलं तर शिक्षा कमी. कित्येक घरांना आपला माणूस कुठल्या खड्ड्यात आहे हे याच बैठकांत कळलं.

आता दरवर्षी ७ एप्रिलपासून आठवडाभर देशात शोक पाळला जातो. क्विबुका हे त्याचं नाव, अर्थ ‘आठवणं’. स्मरणाचा काळ तिथून शंभर दिवस चालतो. किगालीतल्या गिसोझी टेकडीवरच्या स्मारकात अडीच लाखांहून अधिक लोकांचे अवशेष आहेत. न्यामाताच्या चर्चमध्ये, जिथे आसऱ्याला आलेले हजारो लोक मारले गेले, बाकांवर त्यांचे कपडे तसेच ठेवलेले आहेत. पण खरं काम गावपातळीवर होतं. लोक एकत्र बसतात, कोणीतरी स्वतःवर काय गुजरलं ते सांगतं. ऐकताना माणसं कोसळतात, किंचाळतात, त्यांना सगळं पुन्हा समोर दिसू लागतं. अशा वेळी सावरायला प्रशिक्षित कार्यकर्ते हजर असतात. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. स्मरण म्हणजे जखमेवरची पट्टी काढणं. ती काढणाऱ्याने औषध जवळ ठेवलं पाहिजे.

आणि इथेच स्मरणाची दुसरी बाजू. १९९४ नंतर सत्तेत आलेल्या आरपीएफ या तुत्सीप्रधान बंडखोर संघटनेच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांचा विचार गचाचामध्ये झाला नाही. मेलेल्या हुतूंसाठी जाहीरपणे रडायला जागा नाही. ‘वंशसंहाराची विचारसरणी’ पसरवण्याविरुद्धचा कायदा द्वेष रोखण्यासाठी आहे, पण त्याचा वापर सरकारवर टीका करणाऱ्यांविरुद्धही झाला, हे मानवाधिकार संघटना वारंवार सांगत आल्या आहेत. तुत्सींचा वंशसंहार हा वंशसंहारच होता आणि त्याला दुसऱ्या हत्यांबरोबर तराजूत टाकून हलकं करणं हा नकाराचाच एक प्रकार आहे. पण शेजारच्या घरातलं प्रेत मोजायचंच नाही असं ठरवलं, तर ते घर सभेला हजर राहतं आणि मनातून ऐकत नाही.

आठवण हत्यार होते तेव्हा

आठवण ठेवली की हिंसा टळते, असं आपण गृहीत धरतो. मला ते भाबडं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातल्या उस्ताशा राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची भीषण कत्तल केली, यासेनोवात्सच्या छावणीत आणि बाहेरही. हे खरं घडलं. युगोस्लाव्हियाच्या काळात त्यावर मोकळेपणाने बोलणं झालं नाही. ‘बंधुता आणि एकता’ या घोषणेखाली सगळं झाकलं गेलं. १९८० च्या दशकाअखेर सर्ब राष्ट्रवाद्यांनी ते झाकण उघडलं, पण शोक करण्यासाठी नव्हे. ते तुम्हाला पुन्हा मारणार आहेत, त्याआधी तुम्ही हात उचला, हा त्यांचा संदेश होता. ११ जुलै १९९५ रोजी स्रेब्रेनित्सात शिरलेला बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख जनरल म्लादिच कॅमेऱ्यासमोर बोलला ते याच सुरात: तुर्कांचा सूड घेण्याची वेळ आली आहे. समोर तुर्क कोणीच नव्हते. होते ते बोस्नियन मुस्लिम, त्याच भाषेत बोलणारे.

म्हणून कुठल्याही स्मरणाला एक साधा प्रश्न विचारून बघावा. या कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘त्यांनी आमचं काय केलं’ एवढंच आठवतं, की ‘माणसं असं कशी करू लागतात’ हेही? पहिला प्रश्न नैसर्गिक आहे, शोक त्यातूनच सुरू होतो. पण तिथेच थांबणारी आठवण पुढच्या पिढीच्या हातात सुरी देऊन जाते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आजच्या समाजाला लागू पडणाऱ्या गोष्टी निघतात, आणि त्या कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या साध्या आहेत. नेदरलँड्सची लोकसंख्या नोंदणी उत्तम होती आणि त्यात धर्माची नोंद असे. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ती यादी नाझींच्या हाती पडली. देशातले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले, पश्चिम युरोपात हे प्रमाण सर्वाधिक. मार्च १९४३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला प्रतिकार करणाऱ्यांनी आग लावली ती याचसाठी, पण तोवर फार उशीर झाला होता. आज त्याच शहरात २०२१ मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या विटांवर १ लाख २ हजारांहून अधिक नावं आहेत. कुठलाही समाज माहिती गोळा करताना ‘आजचं सरकार चांगलं आहे’ एवढ्यावर भागवू शकत नाही. उद्या ती यादी कोणाच्या टेबलावर असेल, हे विचारायला हवं.

भाषेचंही तसंच. म्यानमारमध्ये रोहिंग्यांना आधी कायद्याने परकं ठरवलं, मग समाजमाध्यमांवर किडे, कुत्रे म्हटलं गेलं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या मोहिमेमुळे सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकाने द्वेष पसरवण्यातल्या फेसबुकच्या भूमिकेवर ठपका ठेवला आणि आपण पुरेसं केलं नाही हे कंपनीनेही कबूल केलं. कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्या दर २५ ऑगस्टला जमतात आणि मेलेल्यांची आठवण काढतात. त्यांच्याकडे ना संग्रहालय आहे, ना स्वतःची जमीन. खटला हेगमध्ये पोचलेला, पण घर परत मिळालेलं नाही.

एखाद्या गावाला किंवा वस्तीला असं स्मरण सुरू करायचं असेल तर खर्च फारसा लागत नाही, नावं लागतात. कोण, कुठल्या घरातलं, किती वर्षांचं, काय काम करायचं. आकडा सांगितला की ऐकणारा मान हलवतो. नाव आणि पत्ता सांगितला की त्याला ते घर दिसतं. ज्यांनी लपवलं, वाचवलं, त्यांचीही नावं हवीत, कारण ‘तेव्हा दुसरा इलाजच नव्हता’ ही सबब त्यांच्यापुढे टिकत नाही. आणि साक्ष देणाऱ्यावर साक्षीची सक्ती नको. काही माणसं आयुष्यभर बोलत नाहीत, तो त्यांचा हक्क आहे.

सगळ्यांत कठीण प्रश्न रवांडापुढे आत्ता उभा आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या शिक्षा भोगून झालेले कैदी तुरुंगांतून सुटून आपापल्या टेकडीवर परतत आहेत. ज्या घरातली माणसं त्यांनी मारली ते घर बहुधा हाकेच्या अंतरावर असतं. तिथली आता तिशी गाठलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती. एप्रिलमध्ये गावाची सभा भरेल तेव्हा सुटून आलेल्या माणसाने बोलायचं की फक्त ऐकायचं, आणि त्याच्या स्वतःच्या मुलांना त्याने घरी काय सांगितलं आहे, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. प्रत्येक गाव ते आपापलं ठरवतंय.